ज्युलिओ रिबेरो : गणवेशात आणि गणवेशानंतर



ज्यांना १९८६ सालची वर्तमानपत्रे आठवतात त्यांच्यापुढे ज्युलिओ रिबेरो हे नाव काढले की लगेच एक वाक्य निघते : 'बुलेट फॉर बुलेट', म्हणजे गोळीस गोळीनेच उत्तर. पंजाबच्या पोलीस महासंचालकपदी नेमलेल्या या अधिकाऱ्याच्या नावाला ते वाक्य असे चिकटले, की १९९८ साली त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र प्रसिद्ध झाले तेव्हा त्याच्या कपाळीही तेच नाव आले. वस्तुतः ते शब्द आपले नव्हेत, दुसऱ्याने उच्चारून आपल्या माथी मारलेले आहेत, असे रिबेरो यांनी पुष्कळदा सांगितले आहे. जे वाक्य आपण बोललो नाही त्याच वाक्याने लोकांनी ओळखावे, आणि अखेर आपल्या चरित्रावरही तेच छापले जावे, हा योग चमत्कारिक खरा.

परंतु त्या वाक्याच्या आड या गृहस्थांचे खरे काम झाकून गेले आहे. त्यांच्या सेवेतील अखेरच्या काही वर्षांकडे पाहिले असता एक गोष्ट डोळ्यांत भरते. १९८२ साली मुंबई, १९८५ साली गुजरात, १९८६ साली पंजाब. ज्या ज्या ठिकाणी त्यांना धाडण्यात आले, तेथे तेथे दंगेधोपे तर होतेच, परंतु ते शमविण्यासाठी सरकारने जे दल पोसलेले असते ते दलच बिथरलेले, खचलेले किंवा लोकांच्या मनातून उतरलेले होते. गुन्हेगारांचा माग काढणारे हुशार अधिकारी आपल्या पोलीस खात्यात पूर्वीही झाले व आजही आहेत. ज्या हातांनी काम करावयाचे ते हातच आजारी असताना काम हाती घेणे, ही कसोटी निराळी. ती रिबेरो यांच्या वाट्याला वारंवार आली. आणि विशेष हे की, सरकारी नोकरी संपल्यानंतरही त्यांनी ती सोडली नाही.

रिबेरो यांचा जन्म मुंबईचा, ५ मे १९२९ चा. घराणे गोमंतकीय कॅथलिक. १९५३ साली ते इंडियन पोलीस सर्व्हिसमध्ये दाखल झाले. स्वातंत्र्य मिळून तेव्हा अवघी सहा वर्षे झाली होती. मुंबई शहराला आपला पहिला भारतीय पोलीस आयुक्त, जे. एस. भरुचा, १९४७ साली मिळाला होता. गोऱ्या साहेबाच्या खुर्चीवर काळा साहेब बसला, पण खुर्चीची घडण बदलली काय? देशाच्या बहुतेक भागात पोलिसांचा कायदा १८६१ सालचाच राहिला. हा कायदा १८५७ च्या उठावानंतर चारच वर्षांनी झालेला. त्याचा रोख लोकांची सेवा करण्यापेक्षा लोकांवर नजर ठेवण्याकडे असावा यात नवल नाही. मुंबई राज्याने १९५१ साली स्वतःचा स्वतंत्र कायदा केला खरा, तथापि वरिष्ठाने हुकूम सोडावा आणि शिपायाने टाच जुळवून उभे राहावे, ही जुनी धाटणी तशीच राहिली. रिबेरो यांच्या पिढीने हा वारसा घेऊनच नोकरीस आरंभ केला.

मधल्या जवळजवळ तीस वर्षांची हकीकत येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. बदल्या, बंदोबस्त, तपास, बढत्या, पुन्हा बदल्या. पोलीस अधिकाऱ्याचे मध्यमवय असेच जाते, आणि त्याच्या मुलांच्या शाळाही त्याच क्रमाने बदलत जातात. १९८२ च्या आरंभी रिबेरो मुंबईचे पोलीस आयुक्त झाले, तेथून पुढची कथा मात्र थांबून पाहण्यासारखी आहे.

ते वर्षच मोठे कठीण होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉक्टर दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला होता आणि सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले होते. परळ, लालबाग, वरळी, नायगाव या वस्त्यांतून चुली कशाबशा पेटत होत्या. या संपाचा बंदोबस्त कोणी करावयाचा? तर त्याच वस्त्यांत राहणाऱ्या पोलीस शिपायाने. नायगाव आणि वरळी येथील बी. डी. डी. चाळींतून पोलिसांची बिऱ्हाडे पिढ्यान् पिढ्या राहत आली. इंग्रजी अमदानीत १९२० च्या दशकात बांधलेल्या त्या चाळी. एका बिऱ्हाडास सुमारे १६० चौरस फुटांची एक खोली, आणि शौचकूप मजल्यावर सामायिक. दिवसभर संपवाल्यांपुढे काठी घेऊन उभा राहणारा शिपाई रात्री परतत असे तो बहुधा कोकणातल्या किंवा घाटावरच्या आपल्याच गाववाल्या गिरणी कामगाराच्या शेजारी. त्याचा पगार तुटपुंजा, कामाच्या तासांना धरबंध नाही, रजा मिळेल तेव्हा खरी, आणि वर साहेबांच्या बंगल्यावरची घरगुती कामे करण्याची पाळी. गाऱ्हाणी खरी होती, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. राष्ट्रीय पोलीस आयोगाने १९७९ च्या फेब्रुवारीत दिलेल्या आपल्या पहिल्याच अहवालात शिपायाच्या हलाखीचा प्रश्न सर्वांत अगोदर हाती घेतला होता.

महाराष्ट्रातील पोलीस शिपायांनी आपली संघटना केली होती. परंतु गणवेशधारी सशस्त्र दलात अशी संघटना कोठवर चालावी, हा प्रश्न बिकट आहे. पोलिसांच्या संघटना-स्वातंत्र्यावर बंधने घालणारा कायदा संसदेने १९६६ सालीच केलेला आहे, आणि तो अकारण केलेला नाही. ज्याच्या हाती सरकारने बंदूक दिली त्याने ती खाली ठेवून संपावर जावे, तर त्या दिवशी नगरवासीयांनी कोणाकडे पाहावे? १९८२ च्या स्वातंत्र्यदिनी शिपायांनी काळ्या फिती लावल्या. सरकारने संघटनेची मान्यता काढून घेतली, पुढाऱ्यांस पकडले, आणि १८ ऑगस्ट रोजी मुंबईत जे कधी झाले नव्हते ते झाले : पोलीसच रस्त्यावर उतरले. त्यांच्यात संपकरी कामगार मिसळले, जाळपोळ व लुटालूट झाली, लष्कर बोलवावे लागले. त्या वेळी बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री होते आणि आयुक्तपदी रिबेरो होते. बंड मोडले, पुष्कळ शिपाई बडतर्फ झाले, संघटना संपली.

या प्रकरणी आयुक्तांस दोष द्यावा की श्रेय द्यावे, हे ज्याने त्याने ठरवावे. एवढे मात्र म्हटले पाहिजे की, शिस्त परत आली, पण १६० चौरस फुटांची खोली १६० चौरस फुटांचीच राहिली. ज्या शिपायांच्या बळावर आयुक्ताला शहर सांभाळावयाचे, त्यांच्यापैकीच अनेकांच्या घरी त्या आठवड्यात बडतर्फीचे कागद पोहोचले होते. आणि तरीही दुसऱ्या दिवशी उरलेल्यांना घेऊन चौक आणि नाके पुन्हा उभे करावयाचे होते. ते रिबेरो यांनी केले आणि १९८५ पर्यंत ते या पदावर राहिले. मध्यंतरी १९८४ च्या मे महिन्यात भिवंडी व मुंबईत हिंदु-मुसलमानांच्या दंगली झाल्या, दोनशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. भिवंडीचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून तो येथे करून ठेवला.

१९८५ साली गुजरातमध्ये राखीव जागांवरून आंदोलन पेटले व पाहता पाहता त्याला जातीय दंगलीचे रूप आले. अहमदाबादेत तर एप्रिल महिन्यात पोलिसांनीच बेभान होऊन 'गुजरात समाचार' या वृत्तपत्राच्या कचेरीवर हल्ला केला. बेशिस्त झालेल्या दलाला ताळ्यावर आणण्यासाठी केंद्र सरकारने ज्यांना तेथील महासंचालक म्हणून पाठविले ते रिबेरोच. तीन वर्षांत दुसऱ्यांदा तोच रोग आणि तोच वैद्य. तेथून केंद्रीय राखीव पोलीस दल, आणि मग १९८६ च्या वसंतात पंजाब.

त्या वेळी त्यांचे वय ५७ होऊ घातले होते. सरकारी नोकरीतून निवृत्त होण्याचे वय तेव्हा ५८ होते. म्हणजे सरळ हिशेबाने पाहिले तर नोकरीचे एखादेच वर्ष उरलेले. अशा वेळी बहुतेक अधिकारी निवृत्तिवेतनाचे कागद चाळीत बसतात, मुंबईत जागा मिळेल काय याची चौकशी करतात. रिबेरो यांनी पंजाब पत्करला. सुवर्णमंदिरातील लष्करी कारवाई, इंदिरा गांधींची हत्या आणि त्यानंतर दिल्लीत झालेली शिखांची कत्तल, हे सर्व १९८४ सालचे. त्या जखमा ओल्या होत्या. सुरजितसिंग बर्नाला यांचे मंत्रिमंडळ सत्तेवर होते, पण त्याची सत्ता संध्याकाळनंतर खेड्यांत चालत नसे. २९ एप्रिल १९८६ रोजी अकाल तख्तावरून खलिस्तानची घोषणा झाली. पंजाबचा शिपाई बहुधा शीख शेतकऱ्याचाच मुलगा. तो ड्यूटीवरून घरी जाई तेव्हा त्याच्याच गावात त्याच्या घरच्यांवर गोळीबार होण्याची भीती असे. असे दल लढेल तरी कसे?

महाराष्ट्रालाही त्या वणव्याची आच त्याच वर्षी लागली. १० ऑगस्ट १९८६ रोजी माजी सरसेनापती जनरल अरुणकुमार वैद्य यांची पुण्यात भर रस्त्यावर हत्या झाली. त्यानंतर दोन महिनेही उलटले नव्हते, तोच ३ ऑक्टोबर रोजी जालंदर येथील पंजाब सशस्त्र पोलिसांच्या आवारात पोलिसांचाच गणवेश चढवून मारेकरी शिरले. रिबेरो पत्नीसह सकाळी फिरावयास निघाले होते. गोळीबारात पतिपत्नी दोघेही जखमी झाली. पहाऱ्यावरचा एक जवान ठार झाला. हा गणवेशाचा तपशील विसरण्याजोगा नाही. पोलीस महासंचालक पोलिसांच्या छावणीत, पोलिसांच्या पहाऱ्यात चालत आहे, आणि समोरून येणाऱ्या पोलिसाकडे पाहून तो आपला की परका हे त्याला ओळखता येत नाही! पंजाब पोलिसांची त्या काळची अवस्था सांगावयास याहून दुसरा दाखला शोधावयास नको.

श्रीमती मेल्बा रिबेरो यांच्याविषयी येथे दोन शब्द बोलले पाहिजेत. पोलीस अधिकाऱ्याच्या बायकोचे नाव सेवापुस्तकात नसते, तिला पदक नसते, तिच्या नावे पहारा नसतो. बदलीच्या हुकुमात तिचे मत कोणी विचारीत नाही. जालंदरला जायचे की नाही हा निर्णय सरकारचा व नवऱ्याचा. गोळीने मात्र तो भेद पाळला नाही. जखम बरी झाल्यावर दोघेही पंजाबातच राहिली. १९८७ साली रिबेरो यांना पद्मभूषण मिळाले.

त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी निवृत्तीचे वय गाठले, बर्नाला मंत्रिमंडळ बरखास्त होऊन राष्ट्रपती राजवट आली, आणि रिबेरो यांना जागचे हलू देण्यात आले नाही. जुलैत लालडूजवळ बस थांबवून ३८ हिंदू उतारूंना ठार मारण्यात आले. १९८८ साली महासंचालकपद के. पी. एस. गिल यांच्याकडे गेले व रिबेरो राज्यपाल सिद्धार्थ शंकर राय यांचे सल्लागार म्हणून १९८९ पर्यंत राहिले.

पंजाबातील दहशतवाद १९९३ च्या सुमारास आटोक्यात आला. त्याची किंमत काय पडली हेही सांगितलेच पाहिजे, एरवी हे कथन एकतर्फी ठरेल. १९८४ ते १९९४ या काळात एकट्या अमृतसर जिल्ह्यातील स्मशानांत पोलिसांनी बेवारशी म्हणून परस्पर जाळलेल्या २,०९७ प्रेतांची नोंद पुढे सी. बी. आय. च्या चौकशीत निष्पन्न झाली. या दशकाचा काही भाग रिबेरो यांच्या अमलाचा होता. खोट्या चकमकींचे आरोप त्यांच्या काळातही झाले होते. 'गोळीस गोळी' हे वाक्य त्यांचे नसेल. पण राज्यकर्त्यांच्या तोंडून असे वाक्य एकदा बाहेर पडले म्हणजे शेवटच्या ठाण्यातला फौजदार त्याचा अर्थ आपल्या सोयीने लावतो, आणि त्याचा हिशेब वरिष्ठाच्या नावे मांडला जातो. स्वतः रिबेरो यांचे मत त्या वाक्याच्या नेमके उलट होते, व ते त्यांनी पुढे लेखांतून सातत्याने मांडले : ज्या समाजातून अतिरेकी निपजतात त्या समाजाचे मन जिंकल्याखेरीज बंदुकीने दहशतवाद संपत नाही, पंजाबात जाट शीख शेतकरी पाठीशी उभा राहिला नसता तर पोलीस जिंकले नसते.

१९८९ साली सरकारने त्यांना रुमानियात राजदूत म्हणून नेमले. दूर युरोपात तरी जिवाला स्वस्थता मिळेल असा हेतू असावा. पण ज्या वर्षी नेमणूक झाली त्याच वर्षाच्या डिसेंबरात तेथील हुकूमशहा चाउशेस्कू याची सत्ता कोसळून त्याला गोळ्या घालण्यात आल्या. आणि १९९१ च्या ऑगस्टमध्ये बुखारेस्ट येथे पंजाबातील सूड त्यांच्यापर्यंत येऊन पोहोचला. ते फिरावयास गेले असताना मारेकऱ्यांनी त्यांना गाठले. त्या वेळी ते ६२ वर्षांचे होते. जखमी झाले, पण वाचले. (दोन्ही हल्ले पायी फिरण्याच्या वेळीच झाले; नियमितपणा ही पोलिसाची सवय त्याच्या शत्रूलाही सोयीची पडते.) त्याच वर्षी ऑक्टोबरात दिल्लीत रुमानियाचे प्रभारी राजदूत लिव्हिउ रादू यांना अतिरेक्यांनी पळवून नेले व जनरल वैद्यांच्या मारेकऱ्यांना सोडा, अशी मागणी केली. सरकार नमले नाही. दीड महिन्यांहून अधिक काळ अडकवून रादू यांना सोडण्यात आले. पुण्यातील खून, जालंदरचा हल्ला, बुखारेस्टच्या गोळ्या आणि दिल्लीतील अपहरण, अशी ही एकच साखळी होती.

१९९३ मध्ये रिबेरो यांचा राजदूतपदाचा काळ संपला. येथवर त्यांनी केले ते सरकारच्या हुकमाने. पुढचे कोणाच्याही हुकमाने नाही.

ते परतले तेव्हा मुंबई ओळखू येऊ नये अशी झाली होती. ६ डिसेंबर १९९२ नंतर आणि पुन्हा १९९३ च्या जानेवारीत झालेल्या दंगलींत शहरात सुमारे ९०० माणसे मेली. १२ मार्चच्या बाँबस्फोटांत आणखी २५७. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने पुढे आपल्या अहवालात काही पोलिसांच्या पक्षपाती वर्तनावर स्पष्ट ठपका ठेवला. मुसलमान वस्त्यांतून पोलिसाकडे फिर्याद नेण्याचीच भीती निर्माण झाली होती. म्हणजे पुन्हा तोच रोग. फक्त या वेळी वैद्याच्या अंगावर गणवेश नव्हता, हाती दंडुका नव्हता, आणि वय ६४ होते.

उपाय मात्र शेजारच्याच गावात सापडला. भिवंडी हे गाव १९७० व १९८४ अशा दोन्ही वर्षी दंगलीत होरपळलेले. १९८८ साली सुरेश खोपडे हे मराठी अधिकारी तेथे पोलीस उपायुक्त म्हणून गेले. त्यांनी प्रत्येक मोहल्ल्यात दोन्ही समाजांतील सामान्य माणसांच्या समित्या स्थापल्या. यंत्रमागवाले, दुकानदार, रिक्षावाले, आणि त्यांच्याबरोबर तेथील पोलीस. दंगल नसतानाही त्यांनी नियमाने भेटावे, नळाच्या भांडणापासून मिरवणुकीच्या वाटेपर्यंत सर्व विषय बोलावेत, असा हा प्रकार. परिणाम असा की, १९९२ च्या डिसेंबरात मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. दंगलीचे गाव म्हणून ज्याचे नाव घेतले जाई, तेथे!

मुंबईत पोलीस आयुक्त सतीश साहनी, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे आणि रिबेरो यांनी याच धर्तीवर मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. काम दिसावयास किरकोळ. अमुक गल्लीत गायीचे हाड सापडले, तमुक मशिदीवर दगड पडला, अशी आवई उठली की कमिटीच्या माणसाने स्वतः तेथे जाऊन पाहावे, खरे ते सांगावे, ठाण्यातील वरिष्ठ निरीक्षकाला फोन करावा. गणेशविसर्जन व ईद लागून आली की दोन्हीकडच्या लोकांनी एकत्र बसून वेळा ठरवाव्यात. क्रिकेटचे सामने भरवावेत, ज्यांत पोलीस आणि वस्तीतील पोरे एकाच संघात खेळतील. धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान या दोघांनी मिळून केलेले काम पुष्कळांना ठाऊक आहे. चार मुले चार धर्मांच्या वेषात उभी आहेत आणि खाली 'हम सब एक हैं' लिहिले आहे, हे भित्तिपत्रक वकार खान यांचेच. ज्या माणसाने पंजाबात चिलखती मोटारीतून दिवस काढले तो सत्तरीच्या उंबरठ्यावर अशा सभांना जाऊन बसे आणि गटार तुंबल्याची तक्रार ऐकून घेई. वर्तमानपत्रांना यात बातमी सापडत नसे, हे उघडच आहे. न झालेल्या दंगलीची बातमी छापता येत नाही.

याचे मोल कळण्यासाठी घाटकोपरकडे पाहावे. २ डिसेंबर २००२ रोजी घाटकोपर स्टेशनाजवळ बसमध्ये स्फोट झाला. २८ जुलै २००३ रोजी लालबहादूर शास्त्री मार्गावर आणखी एक. भटवाडी, असल्फा, चिराग नगर, पारशीवाडी. टेकडीच्या उतारावर भिंतीला भिंत लागून हिंदू, मुसलमान, गुजराती व्यापारी, कोकणी चाकरमाने असे सगळे राहणारे हे उपनगर. दहा वर्षांपूर्वीचा अनुभव ताजा असता यातला एक स्फोटही दंगल पेटवावयास पुरेसा होता. दंगल झाली नाही. २५ ऑगस्ट २००३ ला गेटवे ऑफ इंडिया व झवेरी बाजार, ११ जुलै २००६ ला लोकलगाड्या. तेव्हाही लोकांनी एकमेकांच्या गळ्यावर सुरी ठेवली नाही. याचे सगळे श्रेय मोहल्ला कमिट्यांना देणे अतिशयोक्तीचे होईल, पण त्यांचा वाटा होता हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

तथापि याच घाटकोपरने उलटा धडाही शिकविला आहे. ११ जुलै १९९७ रोजी रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाल्याचे पहाटे दिसून आले. लोक पूर्व द्रुतगती मार्गावर उतरले. राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने गोळीबार केला आणि दहा माणसे मेली. हा गोळीबार समर्थनीय नव्हता, असे गुंडेवार आयोगाने ठरविले. गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या उपनिरीक्षकास २००९ साली सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली, ती शिक्षा पुढे उच्च न्यायालयाने स्थगित केली. आणि २००२ च्या स्फोटानंतर? पकडलेल्यांपैकी परभणी जिल्ह्यातील एक तरुण अभियंता पोलिसांच्या ताब्यातून परत आला नाही. खटला चाललेले आरोपी २००५ साली निर्दोष सुटले. वस्तीतल्या माणसांनी वर्षानुवर्षे चहाच्या कपावर जोडलेला विश्वास पोलिसांच्या एका कृत्याने किती उसवतो, हे त्या त्या वस्तीत जाऊन विचारावे.

म्हणूनच केवळ समित्या पुरत नाहीत, खात्याची घडणच बदलली पाहिजे, हे रिबेरो यांच्या ध्यानी आले असावे. प्रकाशसिंग यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशान्वये १९९८ साली पोलीस-सुधारणा समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष रिबेरो होते. समितीने १९९८ च्या ऑक्टोबरात एक व १९९९ च्या मार्चमध्ये दुसरा असे दोन अहवाल दिले. पोलिसांच्या बदल्या मंत्र्यांच्या लहरीवर नसाव्यात, वरिष्ठाला पदावर ठराविक मुदत मिळावी, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र यंत्रणा असावी, हा विचार त्यांत होता. २२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच दिशेने सर्व राज्यांना आदेश दिले. महाराष्ट्राने २०१४ साली कायद्यात दुरुस्ती केली. तिच्यातून पळवाटा किती काढल्या, हा स्वतंत्र भाषणाचा विषय होईल. असो. बी. डी. डी. चाळींच्या जागी ५०० चौरस फुटांची घरे बांधण्याची योजना अखेर मार्गी लागली आणि वरळीतील पहिल्या काही कुटुंबांच्या हाती २०२५ च्या ऑगस्टमध्ये किल्ल्या पडल्या. १९८२ च्या ऑगस्टपासून मोजले तर ४३ वर्षे.

निवृत्तीनंतर माणसाला पोटासाठी काही करावे लागते. रिबेरो यांनी संगीत कंपन्यांच्या संघटनेसाठी ध्वनिफितींच्या चोरट्या प्रती काढणाऱ्यांचा माग काढण्याचेही काम काही वर्षे केले. ज्याच्यामागे खलिस्तानी बंदुका लागल्या होत्या तो कॅसेटचोरांच्या मागे लागला, याची पुष्कळांना गंमत वाटली. माजी कॅबिनेट सचिव भा. ग. देशमुख यांच्याबरोबर सुशासनासाठी काढलेल्या सार्वजनिक न्यासात मात्र त्यांनी पदरमोड करून लक्ष घातले.

लिहिणे चालूच होते. १९५३ पासून गणवेश चढविलेल्या या माणसाने २०१५ च्या मार्चमध्ये एका इंग्रजी दैनिकात लिहिले की, ख्रिस्ती म्हणून आपल्याच देशात आपण परके झाल्यासारखे वाटू लागले आहे. त्यावरून मोठा गदारोळ झाला. काहींना तो लेख अन्यायाचा वाटला, काहींना धाडसाचा. दोन वेळा देशासाठी गोळ्या झेललेल्या माणसाला असे का वाटावे, हे विचारणारे त्या गदारोळात थोडे होते. २०२० च्या सप्टेंबरात दिल्लीच्या दंगलीचा तपास निःपक्षपाती होत नाही, असे पत्र त्यांनी दिल्लीच्या पोलीस आयुक्तांना लिहिले. पत्र लिहिणारा ९१ वर्षांचा होता.

त्यानंतर सहा महिन्यांनी, २०२१ च्या मार्चमध्ये, मुंबईच्या नुकत्याच बदललेल्या पोलीस आयुक्तांनी राज्याच्या गृहमंत्र्यांवर दरमहा शंभर कोटींच्या वसुलीचा आरोप करणारे पत्र मुख्यमंत्र्यांना धाडले आणि एकच खळबळ उडाली. आयुक्ताने मंत्र्यावर आणि मंत्र्याने आयुक्तावर बोट दाखवावे. मग खरे कोण सांगणार? चौकशीसाठी रिबेरो यांची मदत घ्यावी, असे शरद पवार यांनी सुचविले. सेवेतून निवृत्त होऊन तीन तपे उलटत आली होती, मधल्या काळात मुंबईला वीसहून अधिक आयुक्त मिळून गेले होते, तरी विश्वास ठेवण्यासाठी म्हणून जे नाव पुढे आले ते याच वृद्धाचे. रिबेरो यांनी नकार दिला. या वयात तेवढी शक्ती उरलेली नाही, आणि असती तरी या भानगडीत आपण पडलो नसतो, असे त्यांनी स्वच्छ सांगून टाकले. चौकशीचे काम पुढे निवृत्त न्यायमूर्ती चांदीवाल यांच्या आयोगाकडे व उच्च न्यायालयाच्या आदेशाने सी. बी. आय. कडे गेले, आणि गृहमंत्र्यांनी एप्रिलच्या ५ तारखेस राजीनामा दिला.